पिवळ्या बसमधलं बिऱ्हाड

सोयाबीन वाळलं की आवाज करायला लागतं. पानं पिवळी पडतात, गळतात, आणि मागे उरतात नुसत्या शेंगांनी लगडलेल्या काड्या. वारा आला की सगळं शेत खुळखुळतं. चिखलीच्या बाहेर आमचं घर आहे. मागच्या दारात उभं राहिलं की तो आवाज सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतो. लोकांना त्यात दसरा ऐकू येतो, दिवाळी ऐकू येते. पूर्वी मलाही तेच ऐकू यायचं. आता मला पावलं ऐकू येतात. पुष्कळ पावलं, वाळलेल्या काड्या तुडवत एकाच दिशेनं येणारी.

या हंगामात तो आवाज सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी माझ्या नवऱ्यानं विचारलं, यंदा बस काढायची का. यांना खरं म्हणजे एवढंच विचारायचं होतं की बसमध्ये मी असणार का. लखनभैयांचा फोन येऊन गेला होता. ते यायला तयार होते, पण त्यांनीही आधी तेच विचारलं होतं: भाभी आएंगी? मी कपबशा उचलल्या आणि घासायला बसले.

आमचं हार्वेस्टर आहे. दसऱ्याच्या आगेमागे ते सोयाबीन कापायला निघतं आणि दिवाळीपर्यंत जिल्हाभर फिरतं. साखरखेर्ड्याकडून सुरुवात होते आणि सरकत सरकत सातपुड्याच्या पायथ्याला हंगाम संपतो. मशीन चालवतात लखनभैया. ते नर्मदेकाठचे, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. गेली कित्येक वर्षं दर हंगामाला येतात. हे शेतकऱ्यांचे नंबर लावतात, डिझेल आणतात, मशीन बिघडलं की भैयांच्या बरोबरीनं त्याच्याखाली झोपतात. पूर्वी दोघं जण काम जिथं संपेल तिथंच आडवे व्हायचे, कधी ट्रॉलीखाली, कधी कुणाच्या गोठ्यात, कधी देवळाच्या ओट्यावर. एका हंगामात यांना अंथरुणात विंचू चावला, भैयांचं पोट बिघडलं ते आठवडाभर, आणि दोघं परतले तेव्हा आमचाच कुत्रा त्यांच्यावर भुंकला. त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या वर्षी या माणसांसोबत घर पाठवायचं. आणि घर जायचं तर बाई हवी, म्हणून मीही जायचं.

एका शाळेची जुनी बस विकायला निघाली होती. पहिल्यांदा आत चढले तेव्हा केळीच्या सालींचा, ओल्या दप्तरांचा आणि कधीकाळच्या उलटीचा वास आला. सीटच्या पाठींवर पेननं नावं कोरलेली होती, छताला च्युइंगम चिकटलेलं. सीट उपटल्या. बाहेरून शाळेचं नाव खरवडलं. पिवळा रंग मात्र राहू दिला. चांगला जाड रंग होता आणि चांगल्या वस्तूवर उगाच खर्च करणं माझ्या स्वभावात नाही.

चालत्या गाडीत घर लावायचं तर आधी विचार करावा लागतो तो खड्ड्यांचा. मी कागद घेतला आणि तीन रकाने पाडले: पडणाऱ्या वस्तू, सांडणाऱ्या वस्तू, आवाज करणाऱ्या वस्तू. पडणाऱ्यांना लाकडी पट्टी, सांडणाऱ्यांना घट्ट झाकण, आवाज करणाऱ्यांना कापड. सुताराकडून फळ्यांना बोटभर उंचीच्या कडा लावून घेतल्या. डब्यांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे आवळले. ताटांच्या मध्ये जुन्या टॉवेलचे तुकडे. मागच्या बाजूला फळ्यांचा पलंग, त्यावर कापूस पिंजून भरलेली गादी. दाराशी पायपुसणं. आरसा ड्रायव्हरच्या मागे, देवाची तसबीर त्याच्या शेजारी, आणि खिडक्यांना माझ्या जुन्या सुती साड्यांचे पडदे. एक अंजिरी, एक पोपटी, एक माझ्या मोठ्या जावेनं दिलेली मोरपंखी, जी मला कधीच आवडली नव्हती पण बसमध्ये फार शोभली.

पडदे शोभेला नव्हते. मशीन चालू झालं की सोयाबीनचं कुटार उडतं. तो बारीक, टोचरा भुसा मानेवर बसला की माणूस रात्रभर खाजवत राहतो. म्हणून दिवसा पडदे ओढलेले असायचे. आणि अंथरुणात कुटार जाऊ नये म्हणून मी आणखी एक सोय केली. उभ्या मुलांनी धरायचा लोखंडी दांडा बसच्या छताशी तसाच होता. त्याला साडीची झोळी बांधली, आपण तान्ह्या बाळाला बांधतो तशी, आणि दिवसभर गोधड्या, उश्या त्या झोळीत. गाडी कितीही आदळली तरी झोळी नुसती हलते, तिच्यातलं काही पडत नाही. माझ्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही मला सगळ्यात हुशारीची वाटायची.

मुलगा पुण्याला असतो. त्यानं मोबाइलवर परदेशातल्या असल्या गाड्या दाखवल्या. म्हातारी जोडपी, त्यांची कुत्री, खिडकीत फुलझाडं, छताला बारीक दिव्यांच्या माळा. मला म्हणाला, आई, तिकडे लोक हौसेनं राहतात असे. मी म्हटलं, त्यांना कुटार नाही ना झाडावं लागत. तरी त्यानं माळ पाठवलीच आणि यांनी ती बॅटरीला जोडून दिली.

पहिल्या संध्याकाळी लखनभैया जेवायला आले, पायरीशी थांबले आणि त्यांनी चपला काढल्या. बसमध्ये चढताना कुणी चपला काढत नाही. माझं काम जमलं हे मला तेव्हा कळलं.

कापणी लांबून शांत दिसते. रस्त्यानं जाणाऱ्याला पिवळं शेत, लाल मशीन, मागे उडणारी धूळ एवढंच दिसतं. जवळ गेलं की कानठळ्या बसतात. पुढचा फिरता पिंजरा काड्या ओढून आत घेतो, खालची पाती कचाकच चालतात, आणि शेतात जे काही जिवंत असेल ते पळत सुटतं. साप कधी कधी पळू शकत नाहीत. ते मागून कुटारासोबत बाहेर येतात, तुकड्यांनी. मशीन कडेकडेनं कापत आत जातं. ससे, तितर, घोरपडी मधल्या उभ्या पट्ट्यात सरकत राहतात. पट्टा अरुंद होत जातो. बांधावर माणसं काठ्या घेऊन थांबलेली असतात, आणि शेवटची फेरी मारायला मशीन वळलं की ती आत धावतात. इकडून, इकडून, पाह्य बे, गेला, असा कल्लोळ होतो. मग काठ्यांचा आवाज. ओल्या मातीवर बसलेली काठी वेगळी वाजते आणि सशावर बसलेली वेगळी.

एकदा एक ससा निसटून बसच्या चाकामागे येऊन बसला. मी पायरीवर तांदूळ निवडत होते. त्याचं पोट भात्यासारखं हलत होतं. एका माणसानं येऊन त्याला पायाला धरून ओढलं, चाकावरच आपटलं, आणि मला म्हणाला, भाजी पाठवतो वहिनी. संध्याकाळी खरंच डबा आला. मी दोघांना वाढली, स्वतः घेतली नाही, आणि डबा घासून परत पाठवला. या सगळ्याला मी तेव्हा हंगाम म्हणत होते. परतीच्या पावसात माळावर वीज पडायची, पत्र्याच्या बसमध्ये आम्ही पाय वर घेऊन बसायचो, सकाळी कळायचं की शेजारच्या शिवारात कुणाचा बैल गेला. तोही हंगामच.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट आमच्यासोबत गावोगाव फिरत होती. पोरं पळवणारी टोळी आली आहे. कुणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ असायचा, कुठला ते कुणाला माहीत नसायचं. परक्या भाषेत बोलणारे लोक, बंद गाडी, गाडीत बाई. एक शेतकरीण माझ्याच पायरीवर बसून, माझाच चहा पीत, मला ती बातमी सांगून गेली आणि जाताना म्हणाली, तुमी एकट्या बाईमाणूस, जपून राहा बरं. आमच्या बसकडे पाहून तिला काही वाटलं नाही, आणि मलाही काही वाटलं नाही.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. सोनाळ्याच्या पुढे, डोंगर अंगावर आल्यासारखा दिसतो तिकडचं एक गाव. सकाळी पाऊस पडून गेला होता म्हणून कापणी थांबलेली. बस गावच्या शाळेजवळ उभी केली होती, कारण तिथं मुरूम टाकलेला होता आणि हातपंप होता. दुपार कलताना ऊन पडलं. हे आणि शेतमालक शेतात जाऊन दाणे दाताखाली फोडून पाहत होते, ओल गेली का म्हणून. मी किटलीत चहा घेऊन तिकडे गेले. लखनभैया बसच्या पलीकडे, सावलीत, गोणपाटावर मशीनची पाती मांडून साफ करत बसले होते. त्यांची पाठ दाराकडे होती.

आत काय घडलं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. शाळा सुटली. मुलं नेहमीप्रमाणे दिव्यांची माळ बघायला आली. एकीच्या हाताला धरून तिची धाकटी बहीण आली होती, असेल चारेक वर्षांची. मोठी खेळायला पळाली. धाकटी पायरीशी आली, तिनं चपला काढल्या, वर चढली. आतलं सगळं तिनं पाहिलं असेल, आरसा, डबे, पडद्यातून येणारा अंजिरी उजेड. मग तिला झोळी दिसली, उश्यांनी भरलेली. ती पलंगावरून चढून झोळीत शिरली आणि झोपली.

तिची आई शोधत आली तेव्हा तिच्यासोबत तीन-चार माणसं होती. भैयांना विचारलं, पोरगी पाह्यली काय. भैया खरं ते बोलले: "नहीं बहन, इधर तो कोई बच्ची नहीं आई।" आणि त्याच वेळी कुणाला तरी पायरीवर त्या चपला दिसल्या.

मी शेतात किटली धरून उभी होते. कल्लोळ ऐकू आला तेव्हा मला वाटलं, कुठून तरी ससा निघाला. तोच आवाज होता. इकडून, इकडून. मी शेतमालकाला म्हणालेसुद्धा, आज तर मशीन बंद आहे, मग ससा कसा निघाला. मग मला काठीचा आवाज आला आणि तो मातीवरचा नव्हता.

धसकटांतून पळताना चपला कुठं गेल्या कळलं नाही. सोयाबीनचं धसकट तिरपं कापलेलं असतं, सुरीसारखं. मी शाळेशी पोचले तेव्हा माझे पाय रक्तानं भरले होते आणि त्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. लखनभैया पालथे पडले होते. त्यांच्याच गोणपाटावरची पाती एकानं हातात घेऊन वर धरली होती, पाहा, पोराईले कापाची हत्यारं. एक जण बसच्या टपावर चढला होता. आतून वस्तू बाहेर येत होत्या, ट्यूबच्या पट्ट्यांसकट डबे, गादी, पीठ. पडदे ओढले की साडीचं कापड आधी चरचरतं आणि मग एकदम सुटतं. मोरपंखी साडी कुणाच्या तरी खांद्यावर पडली होती आणि तो ती तशीच घेऊन काठी चालवत होता.

झोळीतून उचललेली मुलगी आईच्या कडेवर होती. नुकती झोपेतून उठलेली, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ. तिला कुणीतरी विचारलं, यानं आणलं काय वं तुले? आणि तिनं मान हलवली. त्या वयाच्या मुलाला मोठ्या आवाजात काहीही विचारलं तरी ते मान हलवतं. तिच्या मानेबरोबर काठ्या वर गेल्या.

मी भैयांच्या अंगावर पडले. विचार करून नाही. त्यांच्या आणि काठीच्या मध्ये तेवढीच जागा होती. माझ्या डाव्या हातावर बसलेल्या घावाचा आवाज मी आतून ऐकला. केस धरून कुणीतरी मागे खेचलं. एका बाईनं माझ्या पाठीत लाथ घातली आणि म्हणाली, हेच ते, टोळीतली बाई. खाली भैयांचं अंग उकळत्या भांड्यासारखं थरथरत होतं. आणि तेव्हा माझ्या तोंडातून जे निघालं ते मी आजवर घरातसुद्धा कधी बोलले नव्हते. त्यातल्या शिव्या वगळून लिहिते.

"हात तोडीन एकेकाचा. मी चिखलीची हाओ बे, चिखलीची. हा माह्या घरचा माणूस हाये. तुमच्या वावरातलं सोयाबीन कापून राह्यलो आमी, अन् तुमी आमालेच कापता काय?"

काठ्या थांबल्या. एकदम नाही, एक एक करून, जशी मशीन बंद केल्यावर पाती थोडा वेळ फिरत राहतात. गर्दीतला पांढऱ्या टोपीचा एक माणूस, तो पोलीस पाटील होता हे नंतर कळलं, पुढे आला आणि वाकून माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "थांबा बे. आपलीच बाई हाये."

आपलीच बाई. त्या वाक्यानं माझा जीव वाचला आणि भैयांचाही वाचला. तरी ते वाक्य मला आजवर पचलेलं नाही. मी निर्दोष आहे हे त्यांना कळलं म्हणून ते थांबले नव्हते. माझ्या तोंडी त्यांची बोली होती म्हणून थांबले होते. भैया गेली कित्येक वर्षं या जिल्ह्याचं पीक कापत होते, आणि त्यांच्याजवळ तेवढे चार शब्द नव्हते. एरवी पुण्याच्या नातेवाइकांसमोर मी ती बोली झाकून ठेवते.

हे आले, शेतमालक आला, जीप आली. जीपवाल्यानं आधी सीटवर प्लॅस्टिक अंथरलं, रक्त लागू नये म्हणून. मला त्याचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं. दवाखान्यात माझ्या हाताला प्लॅस्टर घातलं. भैयांच्या बरगड्या जुळल्या, डोक्याचे टाके सुकले, उजवा कान मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, आता तो फक्त दिसायला आहे.

ठाण्याच्या व्हरांड्यात त्या मुलीची आई भेटली. मांडीवर दोन महिन्यांचं बाळ होतं. ती माझ्याकडे न बघता बोलत होती, बाळाच्या टोपीची नाडी पुन्हा पुन्हा बांधत. मी काही विचारलं नव्हतं.

"तिची झोळी लहान्याले देली ना बाई. तवापासून कुठीबी झोळी दिसली का जाऊन निजते. शेजारच्या घरी गेली, मामाच्या घरी गेली. मले वाटलंच नाही का मोटरीत झोळी असीन."

माफी तिनं मागितली नाही. तिनं कारण सांगितलं. मला वाटतं तिच्याजवळ तेवढंच होतं. भैयांनी तक्रार दिली नाही. हात जोडून म्हणाले, मुझे घर जाना है. हे त्या गावात फक्त मशीन आणि बस आणायला गेले, मीही सोबत होते. शेतमालकानं विनवलं, उरलेलं कापून द्या, उभं पीक आहे. यांनी मशीन चालू केलं, शेताबाहेर काढलं आणि मागे वळून पाहिलं नाही. मधला एक पट्टा तसाच उभा राहिला. जाता जाता गाडीच्या खिडकीतून मी पाहिलं, त्या पट्ट्यात वाऱ्याशिवाय काहीतरी हललं.

त्यानंतर बस अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. हंगाम आले आणि गेले, हे दुसरा ऑपरेटर घेऊन जवळपासची कामं करत राहिले, रात्री घरी येत. माझ्या हाताचं प्लॅस्टर निघाल्यावर मी बस धुतली, आणि धुता धुता जे काही उरलं होतं तेही काढून टाकलं. फळ्यांच्या कडा, आरशाचा खिळा, माळेची तार, पायपुसणं. पिवळा रंग घालवून पांढरा दिला. माझ्या पद्धतीप्रमाणे नियम लिहून काढले: शाळेजवळ थांबायचं नाही. खिडक्या उघड्या. मुलांना खाऊ नाही. कुणाचंही मूल पायरीवर चढता कामा नये. लिहिताना अक्षर चांगलं आलं. मुलगा म्हणाला, विकून टाक आई, कशाला मनाला त्रास. विकली नाही.

आणि यंदा भैया आले. चिखलीच्या स्टँडवर त्यांना एसटीतून उतरताना मी लांबून पाहिलं, वाळल्यासारखे दिसत होते. बोलणाऱ्याकडे डावा कान करायला ते मान वळवतात, त्यामुळे कुणाशीही बोलताना रुसल्यासारखे वाटतात. चहा झाला. यांनी मशीन दाखवलं, नवीन पाती दाखवली. मग ते बसपाशी गेले. मी मागोमाग होते. पांढरा रंग त्यांनी हातानं चाचपला. पायरीवर पाय ठेवला. आत उघडा पत्रा, उघड्या खिडक्या, एका कोपऱ्यात गुंडाळलेली सतरंजी. ते आत गेले नाहीत. चपला पायातच होत्या.

"भाभी," ते म्हणाले, "उस दिन लोग इसे ऐसा ही करके गए थे।"

मला वाटत होतं, मी बस सुरक्षित केली आहे. त्यांना जे दिसलं ते मला तोवर दिसलंच नव्हतं. त्या गर्दीचं अर्धं राहिलेलं काम मी माझ्या हातानं, साबणपाण्यानं, नेटकेपणानं पूर्ण केलं होतं. पोलीस पाटलानं काठ्या थांबवल्या होत्या. मी थांबले नव्हते.

यांना म्हटलं, निघायला दोन दिवस उशीर होईल. सुतार बोलावला. डब्यांसाठी ट्यूब आणली. साड्यांच्या कपाटातून यावेळी चांगल्या साड्या काढल्या, नेसण्यातल्या. कात्री घालताना हात अडखळला नाही. डावा हात जोरानं कापड धरू शकत नाही, म्हणून मी ते पायाखाली दाबून फाडलं. तो आवाज पुन्हा ऐकला, आधी चरचर आणि मग सुटणं. या वेळी तो मी करत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या खिडक्यांना पडदे लागले. दाराच्या आत, पायरीशी, एक लोखंडी गज ठेवला. झोळी बांधली नाही. छताच्या दांड्याला हात लावून पाहिला, साडीचं टोक वर टाकूनही पाहिलं, आणि परत ओढून घेतलं. अंथरुणं आता पत्र्याच्या पेटीत असतात. तेवढं माझ्यानं झालं नाही, आणि होईल असं मी स्वतःला वचनही दिलेलं नाही.

आता हे लिहिते आहे ते साखरखेर्ड्याच्या अलीकडे, एका शेताच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेला, उभ्या केलेल्या बसमध्ये. सकाळपासून भुरभुर होती. शेंगा ओल्या आहेत, मशीन ताडपत्रीखाली आहे, हे डिझेल आणायला गेले आहेत. जेवून भैया आत आडवे झाले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी पडदा ओढला, भिंतीकडे तोंड केलं, आणि डावा कान, ऐकू येणारा, उशीत दाबून झोपले. मेलेला कान वर. आता गाव जरी चालून आलं तरी त्यांना ऐकू जाणार नाही. हा माझ्यावरचा विश्वास आहे की ऐकायचंच नाही असं त्यांनी ठरवलं आहे, मी बराच वेळ विचार केला. त्यांचा श्वास लांब होत गेला. त्यांच्या वाट्याचं ऐकणं माझ्याकडे आलं होतं, म्हणून मी लिहिणं थांबवून दाराशी पायरीवर जाऊन बसले.

रस्त्यानं शाळा सुटलेली मुलं येत होती. बस दिसल्यावर थांबली, मग धुऱ्यावरून उतरली, चिखल तुडवत. पावलं पुष्कळ होती आणि एकाच दिशेनं येत होती. सगळ्यांत पुढे दोन वेण्यांची एक पोरगी, पोराला कडेवर घेतलेली. पोरगं तिच्यापेक्षा जेमतेम लहान असेल. ती पायरीपासून दोन हातांवर थांबली. माझ्या खांद्यावरून आत बघायचा प्रयत्न करत तिनं विचारलं, "हे घर हाये काय वं काकू? कोण राह्यते अंदर?"

माझ्या नियमाप्रमाणे मी तिला तिथूनच हाकलायला हवं होतं. रस्त्यावर कुणी मोठं माणूस आहे का ते पाहिलं. एक बाई लांबून आमच्याकडे बघत उभी होती, कपाळावर आडवा हात धरून.

"घरच हाये," मी म्हटलं. "आमचे भैया निजले. हळू बोला."

मुलं खरंच गप्प झाली. कडेवरच्या पोरानंही तोंडातलं बोट काढून आत पाहिलं. मी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, जेवढा तो हात उचलतो तेवढा. उजवा हात पदराखाली होता, लोखंडी गजावर.